टर्बो, तुळजापूर आणि तामलवाडीचे मिस्त्री

दीड लाखाचं एस्टिमेट, सोमवारी गाडी न्यायला येणारं गिऱ्हाईक आणि हायवेच्या कडेला बंपर उतरवलेली गाडी. इंटरकूलर नावाचा पार्ट नेमकं करतो काय, तो काढायचा कसा आणि पुन्हा बसवायचा कसा, हे एका रणरणत्या वीकेण्डला शिकावं लागलं. त्याचीच ही गोष्ट!

‘‘ताई, गेला.’’

धाकटा एवढंच म्हणाला. सोलापूर मागे पडलं होतं, तामलवाडीचा टोलनाका जवळ आला होता. पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून ‘फुस्सऽऽ’ असा लांबलचक आवाज आला. पाठोपाठ डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. आणि काय सांगू, एरवी सिग्नल सुटला की मान मागे फेकणारी ती गाडी एकदम बैलगाडी झाली. ज्या ट्रकला मागे टाकायचं होतं, तो हॉर्न वाजवत आरामात पुढे निघून गेला.

मागच्या सीटवर आई. मांडीवर ओटीचं सामान. तिचा डायलॉग तयारच होता. ‘‘म्हटलं होतं मी, एसटीने जाऊ.’’

आता तुम्ही म्हणाल, गाड्या बंद पडतातच, त्यात काय एवढं? सांगते. ही गाडी धाकट्याने तीन वर्षांपूर्वी सेकंडहॅण्ड घेतली. चार दारं असली तरी आत्मा पक्का स्पोर्ट्‌स कारचा. टर्बो पेट्रोल इंजिन, जमिनीला टेकेल असा सस्पेन्शन आणि शेजाऱ्यांची झोप उडवणारा सायलेन्सर. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. नऊ वर्षांच्या गाडीचं दुखणं कंपनीच्या माथी मारायचं नसतं. पैसे अर्धे साठवलेले, अर्धे लोनचे. जानेवारीत धाकट्याची नोकरी गेली. हप्ता मात्र कुठे जात नाही.

फेब्रुवारीत गाडी अशीच दम सोडायला लागली. पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, स्क्रीनवर ‘पी०२९९’ असा कोड आला आणि एसी केबिनमधल्या ॲडव्हायजरने निदान सांगितलं, ‘‘टर्बो गेलाय सर. दीड लाख धरून चला.’’ दीड लाख! धाकट्याने दुसऱ्याच दिवशी गाडी विकायला काढली. ‘टर्बो गेलेली गाडी’ म्हणून गिऱ्हाइकाने दीड लाख आणि वर थोडे असे कापूनच भाव केला. सोमवारी तो गाडी न्यायला येणार होता.

आईचं म्हणणं एवढंच होतं, ‘‘घेतली तेव्हा तुळजापूरला देवीपुढे नेली होती. जायच्या आधी एकदा नेऊन आण.’’ म्हणून हा प्रवास. एप्रिलचा शनिवार, बाहेर चाळीसच्या वर पारा आणि तिघंही गप्प.

‘कंप्युटरनं उघडून बघितला का?’

तामलवाडी हे तुळजापूर तालुक्यातलं सोलापूरच्या हद्दीलगतचं गाव. गावाला लागून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ५२. पंजाबातल्या संगरूरपासून धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर, विजयपूर करत थेट कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत. या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. आणि जिथे ट्रक, तिथे पत्र्याच्या शेडखाली एक मिस्त्री असतोच.

गाडी रांगत-रांगत अशाच एका शेडपाशी नेली. शेजारी पंक्चरवाला, समोर चहाची टपरी. आतून पन्नाशीचे एक गृहस्थ हात पुसत बाहेर आले. लो प्रोफाइल टायर, रुंद ग्रिल, सगळं एकवार न्याहाळलं.

‘‘काय झालं वो दादा?’’

‘‘टर्बो गेलाय,’’ धाकटा म्हणाला.

‘‘कोण म्हनलं?’’

‘‘कम्प्युटरने सांगितलं.’’

‘‘कंप्युटरनं उघडून बघितला का?’’

धाकट्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. खरं तर पी०२९९ या कोडचा अर्थ इतकाच असतो, की इंजिनाला जेवढा हवेचा दाब मिळायला हवा तेवढा मिळत नाहीये. का मिळत नाही, ते कोड सांगत नाही. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. मलेरिया की सर्दी, ते डॉक्टरने बघायचं असतं.

आमच्या धाकट्याला मात्र वेगळीच शंका. ‘‘मामा, तुम्ही ट्रकवाले. ही टर्बो पेट्रोल आहे. जमेल ना?’’

मिस्त्रींनी उभ्या असलेल्या एका जुन्या ट्रककडे बोट केलं. त्याच्या दारावर अक्षरं होती, टीसीआयसी. ‘‘ह्यातला टीसी म्हंजे टर्बो. आयसी म्हंजे इंटरकूलर. तुमचं बारकं आसंल, आमचं मोठं. हवा तीच की.’’

मग ते चहा प्यायला निघून गेले. इंजिन गार झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. पेट्रोल गाडीच्या टर्बोतून जाणारा धूर आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. एक तास थांबा! डेडलाइनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा तास जड जातो.

नवरात्रातली एसटी

त्या तासात मिस्त्रींनी आणि धाकट्याने मिळून मला जो फंडा समजावला, तो असा.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर असते हे अर्धसत्य. पेट्रोल जाळायला हवा लागते आणि जितकी जास्त हवा कोंबाल तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बो हे कोंबायचं काम करतो. सायलेन्सरकडे वाया चाललेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो! आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनीअरने या कल्पनेचं पेटंट घेतलं ते १९०५ साली.

पण यात एक गोची आहे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, आठवतंय? हवा दाबली की तापते. चाळीस अंशाची एप्रिलमधली हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा शंभरच्या पुढे सहज गेलेली असते. आणि गरम हवा म्हणजे दुपारच्या रिकाम्या एसटीत पाय पसरून बसलेला प्रवासी. एकटाच सीट अडवतो. तीच हवा गार करा, की झाली नवरात्रातली तुळजापूरची एसटी! तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त माणसं. शंभर-सव्वाशे अंशांची हवा साठ अंशांवर आणली, तर त्याच दाबाला साधारण बारा ते वीस टक्के जास्त हवा मावते.

हे गार करायचं काम इंटरकूलरचं. दिसायला रेडिएटरचा भाऊ. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, मध्ये पातळ पंख, दोन्ही टोकांना डबे. एका टोकाने टर्बोची गरम हवा आत येते, बाहेरून वाऱ्याचा झोत लागतो, दुसऱ्या टोकाने गार हवा इंजिनाकडे जाते. बहुतेक गाड्यांत तो पुढे बंपरच्या मागे असतो. सुबारू इम्प्रेझाच्या टर्बो मॉडेलच्या बॉनेटवर नाकपुडीसारखं भोक दिसतं ना, ते स्टाइल म्हणून नाही. तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो, त्याला वारा मिळावा म्हणून ते भोक. १९७८ मध्ये पोर्शेने ९११ टर्बोला ३.३ लिटरचं इंजिन दिलं, तेव्हा इंटरकूलर मागच्या पंखाखाली घातला.

आणि इंटरकूलर नसेल तर? १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी आली. तिला इंटरकूलर नव्हता. हवा गार राहावी, इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारायचे. त्याला नाव काय, तर ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’! टाकी मालकाने भरायची. लोक भरायला विसरायचे आणि मग गाडी आपला दाब आपणच कमी करून मुकाट चालायची.

म्हणजे आमच्या गाडीने टोलनाक्याजवळ केलं तेच. दाब जुळेना म्हणून इंजिनाच्या कम्प्युटरने स्वतःला जपण्यासाठी ताकद काढून घेतली होती. गाडी मेली नव्हती. ती जपून चालली होती.

बंपर उतरतो तेव्हा

चहा संपला, इंजिनावर हात ठेवता येऊ लागला, तेव्हा मिस्त्रींनी आधी इंटरकूलरला हातच लावला नाही. टर्बोकडे जाणारी हवेची नळी सोडवली, दोन बोटं आत घालून चक्राचा दांडा हलवून पाहिला. बाजूला अगदी किंचित हलला. पुढे-मागे अजिबात नाही. चक्र बोटाने फिरवलं, तर न घासता गरगर फिरलं.

‘‘ह्यो जित्ता हाय,’’ ते म्हणाले.

धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण मिस्त्री पुढे म्हणाले, ‘‘आता हवा कुठं जाती ते हुडकायचं.’’

बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटली. दोन्ही चाकांच्या वरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे स्क्रू निघाले. तारेच्या आकाराच्या डोक्याचे, त्याला वेगळा पाना लागतो. मग खालच्या पत्र्याचे, मग ग्रिलच्या वरचे. प्रत्येक जागेचे स्क्रू त्यांनी वेगळ्या बाटलीच्या झाकणात ठेवले आणि झाकणं ओळीने मांडली. ‘‘काढनं सोपं असतं. बसवताना कळतं कुठला कुठला ते.’’ फॉग लॅम्पच्या वायरचा प्लग सोडवला. मग एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला धाकटा, असं दोघांनी मिळून बंपर सरळ पुढे ओढला. एकट्याने ओढला तर तो तिरका होतो आणि कोपऱ्यातल्या क्लिपा तुटतात.

बंपरशिवाय गाडी बघितली आहे कधी? दात काढून ठेवलेल्या आजोबांसारखी दिसते. आईला पहिल्यांदा हसू आलं.

समोर इंटरकूलर. पंखांमध्ये तीन वर्षांचे किडे, चिखल, आणि एका कोपऱ्यात चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी. हवेच्या दाबाचा सेन्सर आधी प्लगमधून सोडवला. दोन्ही बाजूंच्या जाड रबरी होज पाइपांच्या क्लिपा ढिल्या केल्या. पाइप हलेना. धाकटा स्क्रू ड्रायव्हर खुपसायला गेला, तर मिस्त्रींनी त्याचा हात धरला. ‘‘टोचायचं न्हाई. पिळायचं.’’ त्यांनी पाइप दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे पिळला. सुटला. उघड्या तोंडांत लगेच स्वच्छ फडकी कोंबली. आत एखादा नट पडला तर तो थेट इंजिनात जाऊ शकतो. मग दोन बोल्ट, आणि इंटरकूलर खालच्या रबरी बुशांतून वर उचलून बाहेर.

उपडा केला, तर तेलाचे चार-दोन थेंब. ‘‘एवढं असतंय. वाटीभर निघालं असतं तर मग टर्बोचं बघावं लागलं असतं.’’

हौदातली परीक्षा

पंक्चरवाल्याकडे ट्रकच्या ट्यूब बुडवायचा सिमेंटचा हौद होता. मिस्त्रींनी इंटरकूलरच्या एका तोंडाला लाकडी गुटका, त्यावर जुन्या ट्यूबचं रबर आणि वरून क्लिप लावली. दुसऱ्या तोंडाला व्हॉल्व असलेला ट्यूबचा तुकडा. कॉम्प्रेसरने हवा भरली, पण फार नाही, पंधरा पौंड. गाडी चालताना आत साधारण तेवढाच दाब असतो. वर आम्हाला बाजूला केलं. गुटका सुटला तर गोळीसारखा उडतो.

इंटरकूलर पाण्यात गेला. आम्ही तिघं हौदावर वाकलो. आईसुद्धा ओटीचं सामान बाजूला ठेवून.

एक बुडबुडा नाही.

दोन मिनिटं. काही नाही. इंटरकूलर ठणठणीत होता.

धाकटा हळूच मागे सरला. मला त्याच्या डोक्यात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. टर्बो चांगला, इंटरकूलर चांगला, मग आणखी काय? म्हणजे इंजिनच? सोमवारचं गिऱ्हाईक कोडावर विश्वास ठेवून आलं होतं. आता त्याला काय सांगायचं?

मिस्त्री मात्र शांतपणे होज पाइपांकडे वळले. दोन्ही पाइप आधी फडक्याने कोरडे पुसले. पहिला वाकवून बघितला. दुसरा वाकवला, उलटा केला, पुन्हा वाकवला. आणि हसले.

‘‘हे बघा. ताई, तुमीबी बघा.’’

क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला, बोटभर लांबीची चीर. पाइप सरळ धरला की चीर बंद. वाकवला की तोंड उघडते. गाडी उभी असताना, हळू चालताना सगळं ठीक. ॲक्सिलरेटर दाबला, आत दाब वाढला, की चीर उघडायची आणि इंजिनाच्या वाट्याची हवा ‘फुस्सऽऽ’ करून बाहेर. क्लिप कुणीतरी कधीतरी गरजेपेक्षा जास्त आवळली होती. तिची कड रबरात रुतत गेली होती.

दीड लाखाचं कारण बोटभर होतं. ते सापडायला स्कॅनर पुरेसा नव्हता. बंपर उतरवावा लागला, पाइप वाकवून बघावा लागला.

धाकटा काही बोलला नाही. टपरीवर गेला आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा सांगून आला. अर्ध्या कपात आईने विचारलं, ‘‘म्हणजे विकायची की नाही?’’ त्याने उत्तर दिलं नाही.

बसवणं म्हणजे काढण्याचं उलट नव्हे

मिस्त्रींनी पाइपचं चीर गेलेलं टोक धारदार पात्याने सरळ कापलं. पाइपला थोडा ढील होता म्हणून हे जमलं. ‘‘कामचलाऊ हाय. पुन्यात जाऊन नवा टाका,’’ हे त्यांनी तीनदा बजावलं.

मध्ये इंटरकूलर धुणं. बाहेरून पाण्याची बारीक धार, आतल्या बाजूने पुढच्या बाजूला, म्हणजे घाण जशी आत गेली तशीच बाहेर. मोठ्या प्रेशरचा पाइप मारला तर पातळ पंख आडवे होतात. आडवे झालेले दोन-चार पंख त्यांनी एका बारीक काडीने सरळ केले. आतून हवा मारून पूर्ण कोरडा केला. आत काही ओलं राहिलं तर तेही इंजिनच ओढून घेतं.

आणि आता खरी गंमत. मला वाटलं होतं, काढलं त्याच्या उलट क्रमाने लावलं की झालं. पण बसवताना प्रत्येक ठिकाणी एक जास्तीचं काम होतं. पाइपचं तोंड आणि इंटरकूलरचं तोंड, दोन्ही तेल राहणार नाही असं पुसायचं. तेल राहिलं तर दाबाखाली पाइप घसरून निघतो. पाइप ओठाच्या पलीकडे पूर्ण गेला की मगच क्लिप, आणि तीही ओठाच्या मागे. जुन्या क्लिपऐवजी त्यांनी ट्रकची रुंद क्लिप लावली. रुंद असल्याने दाब पसरतो, कड रुतत नाही. आवळली बेताची. ‘‘मानसं वाटतंय जेवडं आवळंल तेवडं चांगलं. तसं नसतंय. रबराला बी जीव असतो.’’

सेन्सरचा प्लग ‘टक्’ आवाज येईपर्यंत. बंपर लावण्यापूर्वी इंजिन सुरू करून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. धाकट्याने हळूहळू ॲक्सिलरेटर दिला. फेस नाही, शिट्टी नाही. मग झाकणं उलट्या क्रमाने रिकामी होत गेली. एकही स्क्रू उरला नाही.

सगळं मिळून सव्वादोन तास. बिल नऊशे रुपये. धाकटा जास्त द्यायला लागला तर मिस्त्री म्हणाले, ‘‘देवीला जावा आधी. येताना हितं थांबून क्लिप दाखवा मला.’’

तुळजापूरच्या आधी घाट लागतो. बालाघाटाच्या डोंगरात चढणारा. पहिल्या वळणानंतर धाकट्याने ॲक्सिलरेटर दाबला. मान मागे गेली. मागून आईचा आवाज, ‘‘हळू रे!’’ पण त्या आवाजात एसटी नव्हती.

आणि सोमवारी…

येताना तामलवाडीला थांबलो. क्लिप जागची हलली नव्हती. पिवळा दिवा तेवढा राहिला होता. पुण्यात स्कॅनरने कोड पुसल्यावर तो गेला, पुन्हा लागला नाही.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. धाकट्याने त्याला कापलेला पाइपचा तुकडा दाखवला आणि म्हणाला, ‘‘टर्बो चांगला आहे. भाव आता पूर्ण लागेल.’’ तो माणूस विचार करतो म्हणून गेला, परत आला नाही.

नवा पाइप साडेचार हजारांना मिळाला. तो मात्र धाकट्याने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवला. मिस्त्रींचे सव्वादोन तास, त्याचे साडेपाच. शेवटी एक स्क्रू उरला, म्हणून सगळा बंपर पुन्हा उतरवला. पण बसवला! नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच दिवसभर त्याने मोबाइल बघितला नव्हता. मे महिन्यात त्याला काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. हप्ता बसतो. गाडी सध्या आमच्याकडेच आहे. कायमची राहील का, ते तो सांगत नाही, आणि आईही हल्ली विचारत नाही.

तुमच्याही गाडीत टर्बो आहे?

आपल्याकडे २००४ मध्ये स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आली तेव्हा टर्बो पेट्रोल म्हणजे शौकिनांचा मामला होता. नंतर पोलो जीटी टीएसआय (२०१३), नेक्सॉन (२०१७), व्हेन्यू (२०१९) अशा गाड्यांतून टर्बो पेट्रोल इंजिन मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये पोहोचलं. तेव्हा हे लक्षात असू द्या.

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ आवाज, दम कमी आणि इंजिनाचा दिवा, असं त्रिकूट दिसलं तर टर्बो बदलायच्या आधी होज पाइप, क्लिपा आणि इंटरकूलरची दाबाखाली तपासणी करायला सांगा.

• एस्टिमेट देणाऱ्याला विचारा, ‘टर्बोचा दांडा हाताने हलवून बघितला का?’

• इंटरकूलरमध्ये तेलाचा पातळ थर चालतो. साठलेलं तेल चालत नाही.

• पुढच्या ग्रिलवर शोभेच्या जाळ्या, मोठ्या फॅन्सी नंबरप्लेट लावू नका. तिथूनच वारा आत जातो.

• घरी उघडणार असाल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बंपर ओढायला दुसरा माणूस घ्या आणि उघड्या नळ्यांची तोंडं फडक्याने बंद करा. फडकी काढायला विसरू नका.

• स्क्रू वेगवेगळ्या झाकणांत ठेवा. आमच्या धाकट्याला विचारा!